बारा गावचं पाणी

ट्रेला पाणी लावायचं नाही. जुने ट्रे जमवणाऱ्यांचा हा पहिला नियम, आणि दुसरा असा की पहिला विसरायचा नाही. अमेरिकेत दारूबंदी आली एकोणीसशे वीस साली. त्याच्या आधी गावोगावचे बिअरवाले गुत्त्यांना हे पत्र्याचे गोल ट्रे फुकट वाटायचे. पत्र्यावर रंगीत चित्र छापलेलं, वरून वार्निशचा एक पातळ हात. ओलं फडकं फिरवत राहिलात की आधी वार्निश जातं, मग रंग जातो, आणि हातात उरतो कोंबड्यांपुढे दाणे टाकायला ठेवतात तसला कळकट पत्रा. आणि इथे हेल्मबर्गमध्ये अर्विन टेशच्या स्वयंपाकघरात त्याची बायको लिओना दर शनिवारी स्टुलावर चढून भिंतीवरचा ट्रे खाली काढायची आणि भांड्यांच्या पावडरीने खसाखसा घासायची. एक-दोन वर्षं नाही, तब्बल चाळीस वर्षं.

अर्विनचा दोस्त गॉर्डी प्रोहास्का. त्याच्याकडे तीनशेच्या वर ट्रे, आणि प्रत्येकाला फ्लॅनेलचं अंगडं. त्याने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याची कॉफी मांडीवर सांडली.

"अगं बाई, काय करतेस! थांब, थांब! अर्विन, लेका, तुझ्या डोळ्यांदेखत खून चाललाय आणि तू सॉसेज कसला चावतोयस?"

"तिच्या आईचं तोंड आहे," अर्विन म्हणाला. "ती धुतेय. तुझं काय जातं?"

लिओनाने मागे वळूनही पाहिलं नाही. "गॉर्डी," ती म्हणाली, "तुझ्या आईचं तोंड तू बिनधुतलेलं ठेवायचास का?"

गॉर्डीची आई चांगली जिवंत होती आणि शेजारच्याच गल्लीत राहत होती, त्यामुळे त्याने निमूट मांडीवरची कॉफी पुसायला घेतली.

ट्रेवर एक मुलगी होती. अठरा-एकोणीस वर्षांची, खांद्यावर लाल शाल, कानामागे बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या वेलीची डहाळी खोचलेली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघावं तशी बघणारी. कडेला सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: वेन्झेल ब्रुअरी, हेल्मबर्ग, विस्कॉन्सिन. ही मुलगी म्हणजे लिओनाची आई ओटिलिया. म्हणजे घरात तसं मानत. ओटिलिया वेन्झेलच्या या बिअर कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि लिओनाचा बाप हुबर्ट क्रेमर तिथेच लाकडी पिंपं बांधायचा. मालकाने मिलवॉकीहून चित्रकार आणला, त्याने कारखानाभर हिंडून नेमकी ओटिलियाच निवडली, तीन दिवस तिला खुर्चीत बसवून ठेवलं आणि त्या तीन दिवसांचा पगारही दिला, असं हुबर्ट सांगायचा. पुढे लिओना तीन वर्षांची असताना ओटिलिया न्यूमोनियाने गेली. वर्षभरात घराला आग लागली आणि जे चार फोटो होते ते जळाले. बाईचा चेहरा म्हणून जगात उरला तो एवढाच, पत्र्यावरचा.

पण हुबर्टने एक मोठी चूक केली. आई मेली हे त्याने पोरीला सांगितलंच नाही. त्याला सांगवेना. पोर विचारायची, आई कुठेय? तो म्हणायचा, ला क्रॉसला गेलीय, मावशीकडे. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं की म्हणायचा, आता विनोनाला गेलीय, तिथे काम निघालंय. मग डब्यूक, मग आणखी कुठलं तरी गाव. पोर बुटांचे बंद बांधून दाराच्या पायरीवर बसून राहायची, आई आली की लगेच पळत जाता यावं म्हणून. असं चार वर्षं चाललं.

आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मेलेल्यांची यादी मोठ्याने वाचतात. सात वर्षांची लिओना पहिल्यांदाच मोठ्या मुलींच्या बाकावर बसली होती. पाद्रीबुवा के अक्षरावर आले आणि त्यांनी वाचलं, ओटिलिया क्रेमर. पोरीने घरी येऊन बुटांचे बंद सोडले. त्या दिवशी हुबर्टने तिला हा ट्रे आणून दिला. ट्रे तिने घेतला, पण बापाला शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्याच्या दफनाच्या दिवशी तिने सगळ्यांना जेवू घातलं, भांडी घासली, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

लग्न ठरलं तेव्हा तिने अर्विनला एकच अट घातली होती. "तू पत्ते खेळ, बिअर पी, तुझ्या आईला डोक्यावर बसव, माझी ना नाही. पण आईबद्दल माझ्याशी खोटं बोलायचं नाही. कधीच नाही. एका माणसाने बोलून झालंय, तेवढं पुरे."

"नाही बोलणार," अर्विन म्हणाला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याला वाटलं, यात काय अवघड आहे!

अर्विनची नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं निवडायची, नदीकाठच्या प्रत्येक गावाचा खण वेगळा, आणि गाव यायच्या आत त्याची थैली बांधून तयार पाहिजे. कुठल्या गावानंतर कुठलं, कुठे गाडी बदलते, कुठे पाणी भरायला थांबते, सगळं त्याला तोंडपाठ. झोपेत विचारलं तरी सांगेल. त्रेपन्न साली एकदा त्याचा डब्यूकला मुक्काम पडला. दुपारी तो एका गुत्त्यात जेवायला शिरला, आणि समोर गल्ल्याच्या वर बघतो तर त्याची सासू.

तीच लाल शाल, तीच हॉप्सची डहाळी, तसंच वळून बघणं. फक्त कडेचं नाव वेगळं. कुठली तरी डब्यूकची ब्रुअरी.

"ही मुलगी कोण?" त्याने विचारलं.

"ही?" गुत्तेवाला हसला. "ही कुणीच नाही. ओहायोमधला छापखाना अशा दहा-वीस बायांची चित्रं तयार ठेवायचा. वहीत बघायचं, बाई पसंत करायची, कडेला आपलं नाव छापून घ्यायचं. स्वतःचा चित्रकार कुणाला परवडतोय? माझ्या मेव्हण्याने ही क्विन्सीमध्येही पाहिलीय. बाई फिरतीवर आहे म्हणा ना!"

अर्विनने जेवण तसंच टाकलं. गुत्तेवाल्याच्या मागे लागून त्याने तो ट्रे मिळवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी आल्यावर तळघरात, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे, टपालखात्यातून मोडीत निघालेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. वर स्वयंपाकघरात लिओना गुणगुणत बटाटे सोलत होती. भिंतीवर आई होती.

"गप्प का रे?" तिने विचारलं.

"दमलोय," तो म्हणाला.

तेव्हापासून त्याने कधी खोटं सांगितलं नाही, फक्त गप्प राहिला. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांच्यामध्ये भिंत असते म्हणतात. असेल. कागदाची असेल.

मग त्याने ठरवलं की ही मुलगी जिथे जिथे सापडेल तिथून उचलायची. लिओनाच्या नजरेला कुठे पडता कामा नये. गुत्ते, जुन्या वस्तूंचे बाजार, शेतावरचे लिलाव, तो सगळीकडे जायला लागला. लोकांना वाटलं गड्याला नवा छंद लागला. छंद कसला, पहारा होता तो. बर्लिंग्टनचा ट्रे एका शेतकऱ्याच्या घरी, चुलीच्या धुराड्यासाठी भिंतीत पाडलेल्या भोकावर ठोकलेला मिळाला. मस्कटीनच्या ट्रेवर खरंच कोंबड्या जेवत होत्या. क्विन्सीचा मिळाला तो एका चर्चच्या स्वयंपाकघरात, पावाखाली. गॉर्डीला अर्थातच सांगावं लागलं, कारण ट्रेच्या धंद्यातलं गॉर्डीपासून काही लपत नाही. ऐकून त्याने हातातला ट्रे फ्लॅनेलशिवायच खाली ठेवला. गॉर्डीच्या मानाने हे फार झालं.

"तिला सांगून टाक की," शेवटी तो म्हणाला.

"काय सांगू? की तुझी आई वहीतली बाई आहे? तिच्याकडे दुसरं काय आहे, गॉर्डी? केस नाही, अंगठी नाही, फोटो नाही. बापाने पुन्हा फसवलं एवढंच तिला कळेल."

"कदाचित ओटिलिया खरंच तशी दिसत असेल. म्हणून हुबर्टला सुचलं असेल."

"असेल. आता कोण सांगणार?"

गॉर्डीने मान हलवली. पुढे मात्र त्याने चिडवायला कमी केलं नाही. नवा ट्रे मिळाला की तो फोन करायचा, "तुझी सासू किओककमध्ये दिसली रे. बाई म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेली आहे हो!" ॲलनटाउनचा ट्रे, तिकडे दूर पेनसिल्व्हानियातला, त्यानेच टपालाने मागवून दिला. तो बारावा. म्हणजे त्याची थट्टा अक्षरशः खरी ठरली.

एकदाच बिंग फुटायची वेळ आली होती. चर्चच्या बाजारात लिओना त्याचा हात धरून चालली होती आणि पुढच्याच टेबलावर, रिकाम्या बरण्यांच्या शेजारी, पिओरियाचा ट्रे उताणा पडलेला. अर्विनला दुसरं काही सुचलं नाही. तो सरळ जाऊन त्याच्यावर बसला.

"अरे, हे काय? कुठे बसतोयस?"

"चक्कर आली," अर्विन म्हणाला.

लिओना घाबरून लिंबूपाणी आणायला धावली. टेबलवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी. "उठा की, आजोबा! पत्रा वाकला माझा!"

"मी तो घेतोय," अर्विन कुजबुजला. "पण ती जाईपर्यंत मला उठवू नका, तुमच्या पाया पडतो." पिओरियाच्या ट्रेला तो खळगा कायमचा राहिला. गॉर्डी त्याला अर्विनची सही म्हणायचा.

अशी तीस वर्षं निघाली. अर्विन निवृत्त झाला. लिओनाचं शनिवारचं घासणं चालूच होतं, आणि भिंतीवरची मुलगी झिजत चालली होती. आधी गालाची लाली गेली, मग ओठ, मग नाक. धुऊन झाल्यावर लिओना अंगठ्याने तिचा गाल पुसायची आणि म्हणायची, "झालं हं. स्वच्छ." पंच्याऐंशी सालापर्यंत चेहऱ्याच्या जागी फक्त चकचकीत पत्रा उरला होता. शालीचा थोडा लाल आणि एका भुवईची रेघ, बस. लिओनाला त्यात चेहरा दिसायचा. तिला तो पाठ होता.

आणि मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग मीठ घातलं की नाही ते. आपल्याकडे म्हातारपणी होतंच, म्हणून अर्विनने मनाची समजूत घातली. पण एका सकाळी ती बुटांचे बंद बांधून पायरीवर जाऊन बसली.

"लिओना, इथे गारठ्यात का बसलीस?"

तिने वर पाहिलं. "आई कुठे गेलीय?"

अर्विनला आपली शपथ आठवली. तो तिच्याशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला आणि खरं ते सांगितलं. "तुझी आई वारली, लिओना. तेवीस साली. तू लहान होतीस."

ती रडली. अशी रडली की समोरच्या घरातली माणसं खिडकीशी आली. तासाभराने ती शांत झाली, कॉफी प्यायली, आणि पुन्हा बूट घालून पायरीवर गेली. "आई कुठे गेलीय?" त्याने पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. संध्याकाळपर्यंत तीन वेळा. एका दिवसात त्या बाईची आई तीन वेळा मेली, आणि तिन्ही वेळा मारणारा अर्विन. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने फक्त तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि काही बोलला नाही. त्याला हुबर्टची आठवण झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सासऱ्याचा राग आला नाही.

भिंतीवरच्या ट्रेकडे ती आता बघतही नसे. शनिवार कधी येतो हेच तिला कळत नव्हतं.

सप्टेंबरात अर्विनने तळघरातली पेटी वर आणली. आपलंही काही खरं नाही, आपण आधी गेलो तर हे गॉर्डीच्या ताब्यात असलेलं बरं, असं त्याने ठरवलं होतं. कुलूप काढलं, आणि एवढ्यात दारात टपालवाला आला म्हणून तो दोन मिनिटं बाहेर गेला. दोनच मिनिटं. परत येतो तो लिओना टेबलाशी बसलेली, पुढ्यात पेटी उघडी, आणि तिच्या हातात सगळ्यात वरचा ट्रे.

तीस वर्षं ज्याला भीत होता ते समोर होतं, दिवसाढवळ्या. मुलीचा चेहरा नवा कोरा होता. गालावर लाली होती, ओठ होते. लिओना कडेच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, पहिलीतल्या पोरीसारखी एकेक अक्षर लावत.

"ॲ-लन-टाउन," तिने वाचलं. मग मान वर केली. डोळे असे चमकत होते की अर्विनला बघवेना. "पपा! आई ॲलनटाउनला आहे!"

त्याच्या चेहऱ्यात ती हुबर्टला बघत होती.

"तुम्ही मला सांगितलं का नाही? इथे लिहिलंय की. ॲलनटाउनला आहे ती. लांब आहे का हो?"

चोविसाव्या वर्षी दिलेला शब्द. पंचेचाळीस वर्षं पाळला होता, निदान तोंडाने तरी. अर्विन समोरच्या खुर्चीत बसला. "लांब आहे," तो म्हणाला. "पेनसिल्व्हानियात. पण निघालीय तिथून."

"कधी येईल?"

"वाटेत बरीच गावं आहेत, बाळा."

ती मान डोलवून शांत बसली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सगळं जेवली.

त्या दुपारी अर्विनने पेटीतले बाराही ट्रे काढले आणि लावायला बसला. हात आपोआप चालले. आयुष्यभर हेच तर केलं होतं. ॲलनटाउन, मग टोलेडो, मग पिओरिया. तिथून खाली हॅनिबल, आणि मग नदीकाठाने वर वर, एकामागून एक, क्लिंटन, डब्यूक, शेवटी प्रेरी दु शीन. त्याच्या पुढचं स्टेशन हेल्मबर्ग. भिंतीवरचा बिनचेहऱ्याचा ट्रे त्याने हळूच उतरवला आणि फडताळात पालथा ठेवला. आई घरी यायची तर आधी घरात नको.

दर सहा-सात दिवसांनी सकाळी लिओनाच्या कॉफीशेजारी नवा ट्रे असायचा. ती वाचायची. "टोलेडो! पपा, टोलेडोला पोचली!" पिओरियाला तिने खळग्यावर बोट ठेवलं. "इथे तिला लागलं वाटतं."

"कुणीतरी मूर्ख तिच्या अंगावर बसला," अर्विन म्हणाला.

लिओना इतकी हसली की तिला ठसका लागला.

गॉर्डी आला की तोही सामील व्हायचा. "काय लिओनाबाई, आज आईसाहेबांचा मुक्काम कुठे?"

"किओकक. गाडी बदलायची आहे."

"हो, हो, किओककला फार वेळ जातो. तिथला स्टेशनमास्तर महाआळशी." आणि मग दाराबाहेर पडल्यावर हाच गॉर्डी टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या गाडीत पाच-पाच मिनिटं नुसता बसून राहायचा.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा डॉक्टरने अर्विनला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, पाय सुजलेत, आता आठवडे म्हणायचे, महिने नाहीत. त्या वेळी आई मस्कटीनला होती. अर्विनने गाडी जलद केली. डेव्हनपोर्टला एकच दिवस, क्लिंटनला एकच. डब्यूकला त्याला वाटलं थोडं थांबावं, सगळं तिथूनच सुरू झालं होतं. पण लिओना आता दोन घासांवर आली होती. रोज सकाळी मात्र तिला उचलून बूट घालायला लागायचे, आणि बंद बांधायला लागायचे.

प्रेरी दु शीनचा ट्रे टेबलावर आला त्या दिवशी अर्विनने फडताळ उघडलं, हेल्मबर्गचा ट्रे हातात घेतला, आणि उजेडाकडे धरला. याचा विचार त्याने केलाच नव्हता. बाराही गावांच्या मुलींना चेहरा होता. ज्या एकीवर आपल्या गावाचं नाव होतं, तिलाच नव्हता. दोन महिने ती कोवळा, रंगीत चेहरा बघत होती. आता तिच्यापुढे हा पत्रा ठेवायचा आणि म्हणायचं, ही घे आई?

त्याने गॉर्डीला फोन केला. गॉर्डी अर्ध्या तासात आला. त्याच्या हातात रंगाची छोटी डबी होती, सोनेरी, आणि एक बारीक कुंचला.

"प्रेरी दु शीनचा ट्रे आण," तो म्हणाला. "कडेचं नाव खरवडतो आणि हेल्मबर्ग लिहितो."

"गॉर्डी, तो ट्रे कोरा करकरीत आहे. अख्ख्या देशात तसा दुसरा नसेल."

"मला सांगतोस? मला?" गॉर्डीचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी तो ट्रे तुझ्याकडे मागतोय, म्हाताऱ्या! आण म्हटलं ना!"

अर्विनने दोन्ही ट्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. गॉर्डीने चष्मा चढवला, चाकू काढला, आणि चष्मा उतरवून पुन्हा पुसायला लागला. ट्रेवाल्याला ट्रे खरवडायला सांगणं म्हणजे काय, ते ट्रेवाल्यालाच ठाऊक.

"पपा?"

ती दारात उभी होती. भिंतीला धरून, एकाच पायात बूट, कुठून बळ आणलं होतं कोण जाणे. दोघे म्हातारे चोरी करताना सापडल्यासारखे उभे राहिले. ती सरकत सरकत टेबलाशी आली. अर्विनने घाईघाईने हेल्मबर्गच्या ट्रेवर हात ठेवला, पण तिने तो हात बाजूला केला. कडेची अक्षरं बहुतेक गेली होती. तिने बोट फिरवलं, तरी वाचलं काहीच नाही. रंगीत, टवटवीत मुलगी शेजारीच पडली होती, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

तिने अंगठा उचलला आणि चकचकीत पत्र्यावर, गाल होता तिथे ठेवला. तिथे बारीकसा खोलगट भाग झाला होता, चाळीस वर्षांच्या शनिवारांनी झालेला. अंगठा त्यात बरोब्बर बसला.

"आली," ती म्हणाली.

अर्विनने खुर्ची पुढे केली, ती बसली. ट्रे तिने मांडीवर घेतला. कितीतरी वेळ अंगठा गालावरून फिरत होता.

"फार हिंडलीस गं," ती ट्रेला म्हणाली. "इतक्या गावांतून. चेहरा बघ कसा उतरलाय तुझा." मग तिने या दोघांकडे पाहिलं, जरा रागावूनच. "बघत काय उभे राहिलात? लांबून आलीय ती. तोंड धुवायला पाणी द्या कुणीतरी."

गॉर्डीने चाकू खाली ठेवला. तो उठला, नळ सोडला, पाणी कोमट होईपर्यंत हात धरून उभा राहिला, आणि वाडगाभर पाणी आणि मऊ फडकं घेऊन आला. फडकं त्याने स्वतः भिजवून, पिळून तिच्या हातात दिलं.

ती हळूहळू पुसत राहिली. भुवईची रेघ गेली. उरलेली लाल शाल फडक्याला लागली. पुसून झाल्यावर तिने अंगठ्याने गाल कोरडा केला.

"झालं हं," ती म्हणाली. "स्वच्छ."

मग तिने ओला हात अर्विनच्या हातावर ठेवला. "पपा, मी उगाच इतकी वर्षं तुमच्यावर रागावले. तुम्ही खोटं बोलत नव्हतात."

"नाही, बाळा," अर्विन म्हणाला.